अलिबागचं वारं, दिंडोरीचं साल

११ नोव्हेंबर २००९ च्या दुपारी ‘फयान’ चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान जमिनीवर आलं. कोकणात त्याची आठवण परत न आलेल्या होड्यांशी जोडलेली आहे, आणि ते साहजिकच आहे. पण त्याच पावसाचा एक हात घाट ओलांडून नाशिक जिल्ह्यात पोहोचला. तिथल्या बागांची छाटणी होऊन महिना-दीड महिना झाला होता. कुठे घड फुलोऱ्यात होते, कुठे मणी नुकते धरू लागले होते. अशा वेळी पानांवर दोन दिवस ओल राहिली की डावणी येते. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग पडतो, खालच्या बाजूला पांढरी बुरशी धरते आणि घड जागच्या जागी वाळतो. त्या हंगामात द्राक्षबागायतदारांनी हे भरपूर पाहिलं.

अलिबागहून नाशिक सरळ रेषेत मोजलं तर १८० किलोमीटरच्या आसपास. रायगडच्या किनारपट्टीवर द्राक्षाची शेती नाही. पण नाशिकची वाइन कुठल्या साली कशी निघेल याची पहिली वर्दी याच किनाऱ्यावर मिळते, आणि वाइनची बाटली निवडताना आपल्या माणसाला या वर्दीचा उपयोग होऊ शकतो. वाइनचं साल म्हटलं की आपल्याकडे लगेच फ्रान्सच्या गोष्टी निघतात. बोर्दोचं १९८२, बोर्दोचं २००५. त्या गोष्टी खऱ्या आहेत, पण रेवदंड्याच्या किंवा मुरुडच्या दुकानात उभ्या असलेल्या माणसाला त्यांचा काडीचाही उपयोग नाही.

या किनाऱ्याला वाइन मात्र जुनी ओळखीची. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-ग्रंथात कल्याणच्या खाली ‘सेमिल्ला’ बंदराचा उल्लेख येतो; अभ्यासक ते आपलं चौल मानतात. त्याच ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत पहिलं नाव वाइनचं आहे, आणि पसंती इटलीच्या वाइनला, असंही लेखक सांगतो. घारापुरी बेट उरण तालुक्यात, म्हणजे रायगडातच. तिथे परदेशी कुंभांची खापरं मिळाली. त्यांतली बरीचशी आधी सरसकट रोमन समजली गेली होती. पुढे अभ्यासकांनी बारकाईने पाहिलं, तेव्हा त्यांतली पुष्कळशी मेसोपोटेमियाकडच्या लांबोडक्या, आतून डांबर लावलेल्या रांजणांची निघाली. डांबर लावायचं ते पातळ पदार्थ झिरपू नये म्हणून. त्यातून वाइन येत असावी असं मानलं जातं. रोमन लोक कुंभावर त्या वर्षीच्या कॉन्सलचं नाव घालत. इसवी सनापूर्वी १२१ मध्ये ओपिमियस कॉन्सल होता. त्या वर्षीची वाइन इतकी गाजली की जवळजवळ दोनशे वर्षांनी रोमन लेखक प्लिनीही तिचं नाव काढतो. सालाची हौस अशी दोन हजार वर्षांहून जुनी आहे.

वाइन बाहेरून येत राहिली, द्राक्ष इथे रुजलं नाही. अलिबाग-नवगाव-रेवदंड्याच्या बेने इस्राएल ज्यू घरांकडे पाहा. त्यांच्या शब्बाथच्या किद्दुश प्रार्थनेला द्राक्षाचं पेय लागतं. ते मिळणार कुठून? म्हणून काळ्या मनुका पाण्यात भिजवायच्या, उकळायच्या, गाळायच्या आणि ते सरबत प्याल्यात ओतायचं, ही रीत पडली. मनुका बाजारातून येत, आणि विधी अडत नसे.

द्राक्ष इथे का टिकत नाही, याचं उत्तर पावसाच्या आकड्यात आहे. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. नाशिक शहराच्या आसपास सातशेच्या घरात. शिवाय आपल्याकडे पाऊस थांबला तरी हवेतला दमटपणा थांबत नाही आणि रात्री गार होत नाहीत. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत तिथे दुपारी ऊन चटकतं आणि पहाटे शेकोटी लागते. द्राक्षाला हेच हवं असतं. दिवसाच्या उन्हाने मण्यात साखर भरते, रात्रीच्या गारव्याने आंबटपणा शिल्लक राहतो. रात्र उबदार राहिली तर मण्यातलं मॅलिक आम्ल वेल स्वतःच खर्चून टाकतो. मग वाइन गोडसर, जड आणि निर्जीव लागते.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि वसंतात आपला आपण जागा होतो. नाशिकचा वेल झोपतच नाही. त्याला माणूस कात्रीने उठवतो, तेही वर्षातून दोनदा. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. तिच्यावर फळ धरायचं नसतं, काड्या तयार करायच्या असतात. छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत त्या काडीच्या डोळ्यात पुढच्या घडाचा सूक्ष्म अंकुर ठरतो. त्याला ऊन लागतं. मे-जूनमध्ये आभाळ भरून राहिलं तर घड कमी धरतात, किंवा पुढे निघालेला घड जिरून त्याची तणावी होते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. तिच्यावर फळ येतं. पस्तीस-चाळीस दिवसांनी फुलोरा, मग मणी, मग मण्यात पाणी उतरतं, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. बाटलीवर २०१० लिहिलेलं असलं तरी त्या घडाची छाटणी २००९ च्या पावसाळ्याच्या शेवटी झालेली असते, आणि घडाचा अंकुर त्याआधीच्या उन्हाळ्यातला.

म्हणून आपल्या आठवणीतली वादळं एक वर्ष पुढे मोजायची. फयानचा पाऊस २०१० च्या बाटलीत. २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’ उठलं, पाठोपाठ ‘महा’. नोंदींच्या काळात या समुद्रात दोन वादळं एकाच वेळी प्रथमच उभी राहिली. दोन्ही आपल्या किनाऱ्यावर चढली नाहीत, पण राज्यभर पाऊस रेंगाळला आणि नाशिकच्या बागांचं मोठं नुकसान झालं. तो हिशोब २०२० च्या बाटल्यांचा. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडच्या वाड्यांतल्या सुपारी-नारळाची काय दशा झाली ते इथे सांगायला नको. तेच वादळ विरत विरत नाशिककडे सरकलं, ऐन डोळ्यात घड ठरायच्या दिवसांत. म्हणजे २०२१ च्या पिकाच्या आधी. आणि २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड भागात गारपीट झाली, ती २०२४ च्या सालात मोडते.

इथे एक सावधगिरी. वाईट साल म्हणजे वाईट वाइन, असं समीकरण मांडायचं नाही. गारपिटीत मार खातो तो बागायतदार. वाइनरीत मात्र सडके घड बाहेर काढता येतात, आणि जे उरतं त्याची वाइन ठीकठाक निघते, फक्त कमी निघते. फरक पडतो तो वरच्या दर्जाच्या लाल वाइनमध्ये. तिचा रंग आणि कस मण्याच्या सालीतून येतात, आणि ती साल पूर्ण पिकायला कोरडी हवा लागते. अशा वर्षी एखादा प्रामाणिक उत्पादक ‘रिझर्व्ह’ काढतच नाही, ती द्राक्षं साध्या बाटलीत घालतो. मला तर वाटतं, अवघड सालातली साधी बाटली हा गिऱ्हाइकाला मिळालेला चांगला सौदा असू शकतो.

दुसरी भानगड कात्रीची. नाशिक जिल्ह्यातच बागलाणात, सटाण्याकडे, टेबल द्राक्षाचे शेतकरी लवकर भाव मिळावा म्हणून गोडी छाटणी पावसाळ्यातच उरकतात. दिंडोरीत तीच ऑक्टोबरात होते. एकाच्या बागेत पाणी उतरलेलं असतं, तेव्हा दुसऱ्याच्या बागेत फुलोराही नसतो. तेच आभाळ एकाला बाधतं, दुसऱ्याला नाही. वाइनच्या द्राक्षातही प्रत्येक बागेची तारीख वेगळी पडते. त्यामुळे ‘नाशिक २०२०: दहापैकी इतके गुण’ असा तक्ता कोणी दाखवला तर मी तो बाजूला ठेवीन. फ्रान्समध्ये असा तक्ता चालतो, कारण तिथे अख्खा प्रांत एकाच वेळी जागा होतो. तिथल्या बोन गावात १३५४ पासूनच्या द्राक्षतोडणीच्या तारखा एकत्र केल्या आहेत. १९८८ पूर्वी सरासरी तोडणी २८ सप्टेंबरला होत असे. त्यानंतर ती १३ दिवस अलीकडे आली आहे. हवा तापते आहे याचा इतका साधा आणि जुना पुरावा क्वचितच दुसरा असेल. आपल्याकडे इतकी जुनी वही असणं शक्यच नाही. नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी इंडाजची फेसाळ वाइन काढली ती १९८० च्या दशकात. राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन २००० सालची. राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण २००१ चं. अकलूजची फ्रातेल्ली त्यानंतरची. म्हणजे आपली सगळी सालं एका माणसाच्या आठवणीत मावतील एवढीच आहेत.

आठवण जुळवायला एक खूण सोपी आहे: आंबा. हापूसला मोहोर यायला रात्री गार लागतात. ज्या वर्षी डिसेंबरात थंडी पडत नाही, त्या वर्षी अलिबाग-श्रीवर्धनच्या बागायतदाराचा चेहरा बघवत नाही. घाटावर तीच थंडी द्राक्षाचा आंबटपणा सांभाळत असते. फार झाली तर तीही बाधते. निफाडचा पारा पाचाच्या खाली गेला की मणी फुगत नाहीत, टेबल द्राक्षाच्या बागांत पहाटे धूर करतात. पण वाइनच्या पांढऱ्या द्राक्षाला रीतसर थंडी मानवते. २०२३ चा फेब्रुवारी कमाल तापमानाच्या सरासरीत देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ठरला. कोकणात त्या महिन्यात आंबेवाले आभाळाकडे बघत होते. अशा वर्षी जानेवारीत तोडलेल्या पांढऱ्याला झळ लागत नाही. मार्चपर्यंत वेलावर ठेवलेल्या लालला लागते. हे ध्यानात ठेवून बाटली उचलावी.

आता दुकानात काय करायचं? रायगडच्या किनाऱ्यावरच्या दुकानात बाटल्या फळीवर उभ्या असतात, ट्यूबलाइटखाली, आणि मे महिन्यात वरचा पंखा गरम हवा ढवळत असतो. वाइन बारा-पंधरा अंशांत सुखी असते. म्हणून या किनाऱ्यावर सालापेक्षा बाटलीने काढलेले उन्हाळे महत्त्वाचे. बाटली उजेडात धरा, मानेतली पातळी बघा. झाकणाच्या कडेला चिकट ओघळ असेल तर आत उष्णता शिरून वाइन बुचाला ढकलून बाहेर आली आहे. ती परत ठेवा. नाशिकच्या अनेक बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं, ते कमीपणाचं लक्षण नाही, उलट पांढऱ्या वाइनला तेच बरं. लेबलवर साल नसेल तर बाटली भरल्याचा महिना बघा. साल नसणं हा काही दोष नव्हे. शांपेनवाले तर मुद्दाम अनेक वर्षांची वाइन एकत्र करतात, एका वाईट हंगामाने घराची चव बिघडू नये म्हणून.

पांढरी आणि गुलाबी घ्यायची ती हाती लागेल त्या सगळ्यांत नव्या सालाची. सोविन्यों ब्लांकचा हिरवा, कच्च्या पेरूसारखा वास दोन वर्षांनंतर उतरतो. शेनें ब्लांक आपल्याकडे बहुधा किंचित गोड ठेवतात, आणि आपल्या जेवणात हा गोडपणा कामाला येतो. तिखट कालवणापुढे कडक कोरडी वाइन फक्त झणझणते. जिताड्याच्या कालवणाबरोबर, तळलेल्या बोंबलाबरोबर थंडगार शेनें घेऊन बघा.

लाल मात्र मासळीसोबत जपून. २००९ साली जपानच्या मर्सियन कंपनीतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की वाइनमधलं लोह मासळीच्या तेलाशी लागून तोंडात उग्र हिमुस वास सोडतं. हे लोह लाल वाइनमध्ये बरेचदा जास्त असतं. बांगड्यापुढे शिराझ उघडून पस्तावलेले लोक मी पाहिले आहेत. लाल घ्यायचीच तर मटणाला, आणि ‘रिझर्व्ह’ प्रकारातली, तीन ते पाच वर्षं जुनी. तिच्या आदल्या वर्षी पाऊस दसऱ्याच्या आसपास निघून गेला होता का, हे आठवून बघा. गेला असेल तर डोळे झाकून घ्या. साधी लाल साठवत बसू नका. जुनी म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला तर मुळीच देऊ नका; आपल्या हवेत घरच्या कपाटात ठेवलेली साधी बाटली मुरत नाही, नुसती शिजते. आणि हो, लालसुद्धा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. ‘घरच्या तापमानाला प्यावी’ हा नियम ज्यांनी केला त्यांच्या घरात अठरा अंश असत, आपल्याकडे तीस.

थंडीत वालाच्या शेंगा येतील, भांबुर्डीचा पाला घालून मडक्यात पोपटी लागेल. त्याच दिवसांत दिंडोरीत पुढच्या सालाची तोडणी सुरू होत असते. तेव्हा पोपटीला गेल्या फेब्रुवारीतल्या तोडणीची शेनें आणा, दिवसभर फ्रीजमध्ये ठेवा आणि उघडली की त्याच रात्री संपवा.