खोडरबराविना दुरुस्ती

कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. आता थेट २०३२! तेव्हा डोंगर चढायला आमच्या पिढीचे गुडघे राजी असतील का, कोण जाणे. म्हणून तिचा बिघडलेला फोटोही टाकून देववत नाही.

असाच एक फोटो माझा मित्र घेऊन आला. फूल जांभळे; पण उन्हाने एक कड पांढरीफटक, मागे फांद्यांचा गुंता.

साध्या जेपेग चित्रात प्रत्येक मूळ रंगाच्या ० ते २५५ अशा पायऱ्या असतात. सावलीत दडलेले बरेचसे वर काढता येते. पण तिन्ही रंग २५५ ला टेकले की तिथे तपशील उरतच नाही. संगणक तिथे जे भरील ती निव्वळ कल्पना.

मग आम्ही कल्पनेलाच वाव दिला. फांद्या अंधारात बुडवल्या, चित्र कृष्णधवल केले. पांढरी कड उन्हाची तिरीप वाटू लागली. चित्र देखणे झाले, पण कारवीचा जांभळा रंग गेला!

बँकेच्या खातेवहीत चुकलेला आकडा आम्ही खोडरबराने पुसत नसू. त्यावर एक रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, शेजारी सही करायची. मूळ आकडा वाचता आलाच पाहिजे. फोटोलाही हाच नियम लावावा. मूळ प्रत जपावी, सजवलेली वेगळी ठेवावी आणि तिच्याखाली काय बदलले ते लिहावे. २०३२ पर्यंत खरी कारवी पाहायची, तर त्या सदोष फोटोतच पाहावी लागेल.