रस्ता अपघात, पोलिसांची कागदपत्रे आणि विम्याची भरपाई

आठवड्याचा बाजार आटोपून सायकलीवरून घरी निघालेल्या शेतमजुराला तिन्हीसांजेच्या सुमारास मालमोटारीची धडक बसते. रस्त्यावरची माणसे धावतात, जखमीला मिळेल त्या वाहनातून तालुक्याच्या रुग्णालयात पोहोचवितात आणि या धावपळीत मालमोटारीचा क्रमांक टिपून घेण्याचे कोणालाच सुचत नाही. पुढे घरातील मिळवता माणूस जातो किंवा कायमचा अपंग होतो. त्या मालमोटारीचा विमा असतो, कायद्याने भरपाईची तरतूदही केलेली असते. परंतु वाहन कोणते, मालक कोण आणि विमा कोणाकडे, हे सांगणारा कागद घरात नसल्यामुळे ती भरपाई कुटुंबापर्यंत पोहोचत नाही. हा कागद कोठे तयार होतो, तो कोणी द्यावयाचा असतो आणि कसा मागावयाचा, याची माहिती गावोगावच्या कार्यकर्त्यांना असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

कायद्याची बैठक

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक वाहनाचा त्रयस्थ पक्षाच्या जोखमीसाठी विमा उतरविणे बंधनकारक आहे. अपघातग्रस्ताला वा त्याच्या वारसांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करून भरपाई मागता येते. या अधिनियमात २०१९ साली व्यापक दुरुस्ती झाली. विमा आणि दावे यांविषयीची सुधारित प्रकरणे १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली आणि त्याच दिवसापासून पोलीस तपासासाठी मुदतबद्ध कार्यपद्धतीही लागू झाली. त्यामुळे अपघाताची माहिती गोळा करून ती न्यायाधिकरणापुढे ठेवण्याची जबाबदारी आता केवळ पीडितावर राहिलेली नाही. ती प्रामुख्याने तपासी अधिकाऱ्यावर आहे.

पहिला कागद : प्रथम खबर

साऱ्या कागदपत्रांचा पाया म्हणजे प्रथम खबर अहवाल, अर्थात सर्वांच्या तोंडी असलेला एफआयआर. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तिच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असली तरी, कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. जखमीला दुसऱ्या तालुक्यात हलविले असल्यास तेथील पोलीस ठाण्यात दिलेली खबरही चालते. खबरीची प्रत खबर देणाराला किंवा पीडिताला तात्काळ व विनामूल्य मिळाली पाहिजे, असे हेच कलम सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनुसार, संवेदनशील प्रकरणे वगळता, प्रथम खबर अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावरही प्रसिद्ध करावा लागतो.

खबर देण्यास उशीर झाला म्हणून दावा बुडाला, असे समजण्याचे कारण नाही. जखमीचे प्राण वाचविणे हे नातेवाइकांचे पहिले कर्तव्य असते, हे ध्यानात घेऊन विलंबाचे समाधानकारक कारण दिल्यास केवळ तेवढ्यावरून दावा फेटाळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र जितका उशीर, तितकी शंकेला जागा, हेही तितकेच खरे.

याबाबतीत रुग्णालयातील पहिली नोंद फार मोलाची ठरते. घाबरलेला नातेवाईक ‘पडून लागले’ असे सांगून मोकळा होतो आणि तेच शब्द रुग्णालयाच्या कागदावर उतरतात. पुढे विमा कंपनी याच नोंदीवर बोट ठेवते. म्हणून रुग्णास दाखल करतानाच ‘रस्ता अपघात’ असे कारण, तसेच अपघाताची वेळ व ठिकाण नोंदविले जाईल याची खातरजमा करावी.

इतर कागद आणि त्यांचे काम

प्रत्येक कागद एकेक गोष्ट शाबीत करतो. घटनास्थळ पंचनाम्यावरून रस्त्याची स्थिती, चाकांच्या खुणा व वाहनांची जागा समजते आणि त्यावरून चूक कोणाची याचा अंदाज बांधता येतो. मृत्यू झाला असल्यास मरणोत्तर पंचनामा व शवविच्छेदन अहवाल यांवरून मृत्यूचा अपघाताशी असलेला संबंध सिद्ध होतो. जखमीच्या बाबतीत हेच काम जखमांचे वैद्यकीय प्रमाणपत्र करते. मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणी अहवालात वाहनाचे यांत्रिक दोष व नुकसान नमूद असते. नोंदणी प्रमाणपत्र, चालकाचा परवाना आणि विमा प्रमाणपत्र यांवरून भरपाईचे दायित्व कोणाचे हे ठरते. तपासाअंती न्यायालयात दाखल होणारे दोषारोपपत्र हा या मालिकेतील शेवटचा दुवा होय.

पोलिसांनी स्वतःहून करावयाची कार्यवाही

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी तपासाचे टप्पे आखून दिले आहेत. अपघाताची माहिती मिळाल्यापासून ४८ तासांच्या आत तपासी अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणास पाठवावयाचा असतो. पीडितांचे हक्क व दाव्याची कार्यपद्धती समजावून सांगणारे विहित पत्रक १० दिवसांत पीडितांना द्यावयाचे असते. चालक व मालक यांच्याकडून माहिती घेऊन ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत तपशीलवार अहवाल सादर करावयाचा असतो. तपशीलवार अहवाल हाती आल्यावर विमा कंपनीच्या पदनिर्देशित अधिकाऱ्याने ३० दिवसांत आपला निर्णय न्यायाधिकरणास कळविणे अपेक्षित आहे. या नियमांचे काटेकोर पालन व्हावे यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०२२ रोजी निर्देश दिले.

पोलिसांचा अहवाल हाच दाव्याचा अर्ज मानण्याची तरतूद अधिनियमात आहे. तरीही कुटुंबाने त्यावर विसंबून स्वस्थ बसू नये.

माहिती मागण्याचा हक्क

अधिनियमाच्या कलम १६० नुसार, भरपाईचा हक्क सांगणारी व्यक्ती किंवा विमा कंपनी मागणी करील तेव्हा पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने अथवा वाहन नोंदणी प्राधिकाऱ्याने विहित फी घेऊन वाहनाची ओळख पटविणारी माहिती व अपघाताच्या वेळी ते वापरणाऱ्याचे नाव व पत्ता इत्यादी माहिती द्यावयाची आहे. अर्ज साध्या कागदावर, मुद्देसूद असावा. गुन्हा नोंद क्रमांक, अपघाताची तारीख, वेळ व स्थळ, अर्जदाराचे पीडिताशी नाते आणि हव्या असलेल्या कागदांची यादी एवढा मजकूर पुरेसा होतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घेण्यास विसरू नये. दाद न लागल्यास वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते, न्यायाधिकरणामार्फत कागद मागविता येतात, तसेच माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चाही आधार घेता येतो.

वाहन पळून गेल्यास

धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर सर्व दारे बंद झाली असे नव्हे. अशा प्रकरणी मृत्यूसाठी २ लाख रुपये व गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये देण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. यासाठी तालुका वा उपविभाग पातळीवरील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा असतो. गुन्हा नोंदविल्यापासून एक महिन्यात वाहनाचा तपशील न मिळाल्यास, पोलीस ठाण्याने जखमीला अथवा वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२४ रोजी दिला. येथेही प्रथम खबर नोंदविलेली असणे हाच पाया आहे.

मुदत व ठिकाण

१९९४ च्या दुरुस्तीने दाव्यासाठी असलेली मुदतीची अट रद्द झाली होती. त्यामुळे ‘दावा केव्हाही करता येतो’ ही समजूत ग्रामीण भागात अजून टिकून आहे. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा घालण्यात आली आहे. या मुदतीच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेला असला, तरी सहा महिन्यांच्या आत अर्ज करणे हेच शहाणपणाचे. अपघात परजिल्ह्यात झाला असला तरी अर्जदार जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणाकडेही अर्ज करता येतो. खेड्यातील कुटुंबाचा वेळ व पैसा वाचविणारी ही तरतूद पुष्कळांना ठाऊक नसते.

गावाची जबाबदारी

अपघातानंतर गावात एक प्रघात पडलेला दिसतो : वाहनमालक काही हजार रुपये पुढे करतो, चार वजनदार माणसे मध्यस्थी करतात आणि प्रकरण ‘आपसात मिटते’. पोलिसांत खबर जात नाही, पंचनामा होत नाही, आणि ज्या विधवेला विम्यातून काही लाखांची भरपाई मिळू शकली असती, तिच्या हाती दहा दिवसांचा खर्च पडतो. भरपाईची रक्कम मालकाच्या खिशातून नव्हे तर बहुधा विमा कंपनीकडून यावयाची असते, एवढे जरी मध्यस्थांनी ध्यानात घेतले तरी बराच अनर्थ टळेल.

पंचायत सदस्याने जखमीच्या नातेवाइकांसोबत पोलीस ठाण्यात जावे, शिक्षकाने अर्ज लिहून द्यावा, पोलीस पाटलाने वाहनाचा क्रमांक व साक्षीदारांची नावे त्याच दिवशी टिपून ठेवावीत. जखमीला मदत करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याचे संरक्षण दिले आहे. आपले नाव-गाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. तेव्हा भीतीपोटी मागे सरण्याचे कारण उरलेले नाही. गेलेला माणूस कोणताच कागद परत आणू शकत नाही. परंतु त्याच्यामागे राहिलेल्या मुलांची शाळा सुटू नये, घरावर कर्जाचा डोंगर होऊ नये, यासाठी वेळीच मिळविलेला एक कागद पुरेसा ठरू शकतो.