ऊस पिवळा पडलाय की फक्त फोटो? शॅडो, हायलाइट आणि रंगाचं गणित

बारामती तालुक्यातलं माळेगाव बुद्रुक म्हणजे उसाचं आणि साखर कारखान्याचं गाव. इथल्या शेताचा फोटो इन्स्टावर टाकायचा तर हवा तसा एडिट करा. पण पिवळ्या पानाचा फोटो कृषितज्ज्ञांना पाठवताना तीन स्लायडर जपून वापरा.

हायलाइट: फोटोतला सर्वांत उजळ भाग. आकाश पांढरंफटक आलं तर हा स्लायडर कमी करतात. पण जेपीईजी फोटोत प्रत्येक रंगाची पातळी ० ते २५५ असते. तिन्ही रंग २५५ वर गेले की तिथला तपशील परत येत नाही. त्यामुळे फोटो काढतानाच एक्स्पोजर थोडं कमी ठेवा.

शॅडो: अंधारा भाग. हा वाढवला की उसाच्या बुडाशी काय आहे ते दिसतं. जास्त वाढवला की फोटो दाणेदार होतो.

रंग: 'वॉर्म्थ' वाढवला की हिरवं पानही पिवळसर दिसतं. खरी अडचण इथे आहे. नत्र कमी पडलं तर आधी खालची, जुनी पानं पिवळी पडतात. लोह कमी पडलं तर नवी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. फिल्टरने हा फरक पुसला, तर सल्ला चुकेल आणि खताचा खर्च वाया जाईल.

मग काय करायचं? पान सावलीत, पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढा. कागद पांढरा दिसेल इतपतच रंग बदला. मूळ फोटोही सोबत द्या. व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर दर्जा घटत नाही.