अण्णांना कोणी विचारले?

पर्वतीच्या पायऱ्यांनी अण्णांना पहिल्यांदा अडवले ते गेल्या माघात. वय ७८. निम्म्यावर छातीत आवळल्यासारखे झाले. पायरीवर टेकले, पाच मिनिटांत बरे वाटले. घरी मात्र आठ दिवस कोणाला पत्ता लागू दिला नाही!

कार्डिओग्राम झाला, इको झाला. हृदयाची ताकद चांगली होती. "अँजिओग्राफी करायची का, ते घरात ठरवा," डॉक्टर म्हणाले. झाले! आत्या म्हणाली, "करूनच टाका." धाकटा भाऊ म्हणाला, "या वयात कशाला?" मला निराळीच धास्ती. न करता काही बरेवाईट झाले, तर पैसे वाचवले असे लोक म्हणतील! खरे सांगायचे तर, अण्णांच्या छातीपेक्षा माझ्या माथ्यावरच्या दोषाचीच मला काळजी होती.

१९२९ साली फोर्समान या जर्मन डॉक्टरने स्वतःच्याच हातातल्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळाले. आज बहुधा मनगटातून नळी घालतात आणि रंगद्रव्य सोडून वाहिन्यांचे चित्र घेतात. तरी म्हातारपणी रक्तस्राव, क्वचित पक्षाघात आणि दुबळ्या मूत्रपिंडाला रंगद्रव्याचा त्रास, ही जोखीम असतेच. अण्णांचे मूत्रपिंड थोडे दुबळेच आहे. शिवाय २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' या अभ्यासात ५,१७९ रुग्ण होते, सारे स्थिर दुखण्याचे. आधी औषधे दिली काय किंवा लगेच नळी घातली काय, मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. कळा मात्र नळीवाल्यांच्या अधिक कमी झाल्या.

मी डॉक्टरांना विचारले, "चित्रात अडथळा दिसला, तर पुढे काय?"

"स्टेंट, नाहीतर बायपास. अण्णांची तयारी आहे ना?"

मी गप्प झालो. अण्णांना आम्ही विचारलेच नव्हते!

त्या रात्री विचारले. अण्णा म्हणाले, "छाती उघडू देणार नाही. पण पर्वती सोडवत नाही रे."

मग ठरले. तीन महिने गोळ्या. घरचा जिनाही जड जाऊ लागला, तर अँजिओग्राफी. बसल्या जागी दुखले, तर कोणालाही न विचारता थेट रुग्णालय. हे लिहून कागद देव्हाऱ्याशेजारी लावला आहे.

परवा अण्णा पुन्हा पर्वतीवर निघाले. निम्म्यावर थांबले, बसले, आणि उतरून आले.

"देव नाही दिसला," म्हणाले, "पण तिथूनही पुणे चांगले दिसते."