तपकिरी डोक्याचा कुरव

पावसाळा सरून आश्विन-कार्तिकात समुद्र निवळला, की कोकणच्या बंदरांवर पांढऱ्या-करड्या पक्ष्यांचे थवे उतरू लागतात. मासेमारी नौकांच्या मागे घिरट्या घालणारे हे पक्षी म्हणजे कुरव. त्यांच्या ज्या जाती हिवाळ्यात आपल्याकडे येतात, त्यांत तपकिरी डोक्याचा कुरव सहज आढळणारा आहे. मात्र नावावरून त्याचा शोध घेणाऱ्याची फसगत होते. कारण हिवाळ्यात त्याचे डोके पांढरेच असते! डोळ्यामागे गडद ठिपका तेवढा दिसतो. कॉफीच्या रंगाची टोपी केवळ विणीच्या हंगामापुरती असून, मार्च-एप्रिलमध्ये परतण्यापूर्वी ती चढू लागते.

या पक्ष्याची लांबी सुमारे ४२ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ कावळ्याएवढी. पंख मात्र बरेच लांब. पाठ राखी, चोच व पाय तांबडे. प्रौढ पक्ष्याच्या पंखांच्या काळ्या टोकांत पांढरे ठिपके असतात. त्याच्यासोबत वावरणाऱ्या, किंचित लहान अशा काळ्या डोक्याच्या कुरवाला ते नसतात.

समुद्रपक्षी म्हणून आपण त्याला ओळखत असलो, तरी त्याचा जन्म समुद्रापासून फार दूर, लडाख-तिबेटच्या पठारावरील सरोवरांकाठी होतो. लडाखमधील त्सो मोरिरी हे असेच एक सरोवर. त्याची उंची सुमारे ४,५०० मीटर आहे. बर्फ वितळल्यावर तेथील बेटांवर व दलदलीत कुरवांच्या वसाहती गजबजतात. घरटे जमिनीवरच, गवताकाड्यांचे. अंडी बहुधा दोन-तीन. नर व मादी दोघेही ती उबवितात. घरटी उघडी असल्याने मोकाट कुत्र्यांचे व पर्यटकांच्या वर्दळीचे भय मोठे.

किनाऱ्यावर पाण्याच्या पृष्ठभागावरील लहान मासे, कोळंबी, ओहोटीत उघडे पडणारे किडे आणि धक्क्यावर टाकलेले मासळीचे अवशेष हा त्याचा आहार होय. एका अर्थाने बंदराची सफाईच तो करतो. अलीकडे मात्र मांडवा-घारापुरीच्या बोटींवरून प्रवासी त्याला शेव-गाठी भरवितात. ते कौतुक असले, तरी तळलेले, तिखट-मिठाचे पदार्थ हे त्याचे अन्न नव्हे. परतीच्या दीर्घ प्रवासाची शिदोरी, म्हणजे अंगावरील चरबी, त्याला याच किनाऱ्यावर जमवायची असते. त्यामुळे धक्क्यावर असे पुडे विकण्यास आळा घालणे स्थानिक पंचायतींनी मनावर घ्यावे.

थव्यात पंखांवर तपकिरी छटा व शेपटीच्या टोकाला काळा पट्टा असलेले पक्षी दिसले, तर ते त्याच वर्षी जन्मलेले, समुद्र प्रथमच पाहणारे समजावेत.