सोलर सेल उलटा चालवला आणि पडदा उजळला

केजच्या मोबाईल दुकानात फुटलेल्या स्क्रीनचा भाव विचारा, दुकानदार आधी विचारतो, ‘साधा डिस्प्ले आहे का अमोलेड?’ अमोलेड असेल तर खिशाला चाट जास्त. या महागड्या पडद्याचं मूळ एका रसायनशास्त्रज्ञाच्या सोलर सेलमध्ये आहे.

चिंग तांग यांचा जन्म १९४७ चा, हाँगकाँगचा. कॉर्नेल विद्यापीठातून पीएच.डी. करून १९७५ मध्ये ते अमेरिकेतल्या रॉचेस्टरला कोडॅक कंपनीत लागले. शिवारातल्या सौरपंपाचं पॅनेल सिलिकॉनचं असतं. तांग सोलर सेलसाठी त्याऐवजी सेंद्रिय रंगद्रव्यं वापरून पाहत होते. दोन वेगळी द्रव्यं पातळ थरांत एकावर एक चढवायची, ही त्यांची युक्ती. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या सेलची कार्यक्षमता होती जेमतेम एक टक्का. विजेच्या हिशेबात ती नगण्यच, पण दोन थरांची मांडणी पुढे कामाला आली. उजेडातून वीज निघते, तर विजेतून उजेड का काढू नये?

सेंद्रिय स्फटिकातून उजेड आधीही निघाला होता, पण त्याला शेकडो व्होल्ट लागत. १९८७ मध्ये तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दहा व्होल्टच्या आत हिरवा उजेड पाडला. एका थरातून धनभार येतो, दुसऱ्यातून ऋणभार. सांध्यावर गाठ पडली की उजेड होतो. दोन्ही थर मिळून केसाच्या जाडीचा सुमारे पाचशेवा भाग! उजेड देणारं द्रव्य ॲल्युमिनियम आणि ऑक्सिन या रसायनाचं. ॲल्युमिनियम मोजायला हेच ऑक्सिन प्रयोगशाळांत पूर्वीपासून वापरात होतं. उजेड देणाऱ्या द्रव्यात दुसऱ्या रंगद्रव्याची चिमूट मिसळली की उजेडाचा रंग बदलतो, हे त्यांनी १९८९ मध्ये दाखवलं.

२००३ मध्ये कोडॅकने अशा उजळणाऱ्या थरांचा पडदा डिजिटल कॅमेऱ्यावर बसवला. २००९ मध्ये मात्र कंपनीने हा व्यवसाय एलजी समूहाला विकून टाकला. तांग यांना २०११ मध्ये रसायनशास्त्राचं वुल्फ पारितोषिक मिळालं, २०१९ मध्ये क्योटो पारितोषिक.

चालू स्क्रीनवर पाण्याचा बारीकसा थेंब ठेवून बघा. लाल, हिरवे, निळे ठिपके वेगवेगळे दिसतील. अमोलेडमध्ये यातला प्रत्येक ठिपका अशाच सेंद्रिय थरांचा असतो आणि स्वतःच पेटतो. काळ्या जागी तो विझलेला असतो, म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर बॅटरी वाचते. निळ्या उजेडाला ऊर्जा जास्त लागते, त्यामुळे निळे ठिपके लवकर थकतात. रोज एकच चित्र तासन्‌तास ठेवलं, तर त्याचा डाग कायमचा बसू शकतो. तेव्हा काउंटरवरचा क्यूआर कोड दिवसभर फोनवर झळकवण्यापेक्षा कागदावर छापलेलाच बरा.