रॉकेल वाहायला रॉकेल



दसरा झाला की आपल्या तेलगावच्या आसपासचे कोयते बाहेर पडतात. तेव्हा सोबत काय घ्यायचं हा हिशोब घरातली बाईच करते. ज्वारी किती, पीठ किती, सरपण किती. जास्त घेतलं तर ट्रॉलीत लेकरांना बसायला जागा राहत नाही. कमी घेतलं तर अर्ध्या वाटेत परक्या गावात दुकान शोधत फिरावं लागतं. लांब पल्ल्याची विमानं बनवणाऱ्यांनाही कैक वर्षं हाच हिशोब सुटत नव्हता.

विमानात भरतात ते इंधन आपल्या रॉकेलच्याच जातीचं. दूर जायचं तर ते जास्त लागतं. पण जास्त भरलं की विमान जड होतं, आणि जड विमान वर धरून ठेवायला आणखी इंधन लागतं. म्हणजे रॉकेल वाहायलाच रॉकेल! एअर इंडियानं १९६० मध्ये बोइंग ७०७ या जेट विमानानं मुंबई-न्यूयॉर्क सेवा सुरू केली, तेव्हा वाटेत लंडनला थांबावं लागायचं. मधे न थांबता जायला २००७ साल उजाडलं.

ते विमान होतं बोइंग ७७७-२००एलआर. रिकामं असताना त्याचं वजन साधारण १४५ टन, आणि टाक्या काठोकाठ भरल्या की आतल्या इंधनाचं वजनही जवळजवळ तेवढंच. गाडीच्या वजनाइतकं वाढं तिच्याच बैलांसाठी भरून निघावं, तसं.

हे जमलं कसं? पंखाच्या टोकाशी हवेचा भोवरा होतो आणि तो विमानाला मागे ओढतो. म्हणून टोकं सुमारे दोन-दोन मीटर वाढवून, निमुळती करून मागे झुकवली. ओढ कमी झाली. सामानाच्या जागेत जादा टाक्या बसवायची सोय केली. अर्थात टाकी आली की तेवढं सामान गेलं. इंजिनं दोनच, पण फार ताकदीची.

दोनच इंजिनं, मग समुद्रावर एक बंद पडलं तर? ही भीती खरीच होती. म्हणून जुना नियम असा होता, की एका इंजिनावर तासाभरात विमानतळ गाठता येईल इतपतच लांब जायचं. इंजिनं भरवशाची ठरत गेली तशी ही मुदत वाढली. २०११ मध्ये अमेरिकेच्या विमान खात्यानं ७७७ ला साडेपाच तासांपर्यंत मुभा दिली.

या विमानाची मोठी परीक्षा नोव्हेंबर २००५ मध्ये झाली. हाँगकाँगहून लंडनला जवळच्या वाटेनं न जाता ते मुद्दाम उलटं, पूर्वेकडून निघालं. दोन महासागर आणि अमेरिका ओलांडून, कुठंही न उतरता २१,६०२ किलोमीटर गेलं. २२ तास ४२ मिनिटं लागली. कप्तान होत्या सुझाना डार्सी-हेनेमन. विमानात माणसं जेमतेम पस्तीस होती, हेही सांगायला हवं.

एवढं करूनही हे विमान फार खपलं नाही. साठच्या आसपासच बनली. त्याचंच भावंड, ७७७-३००ईआर, थोडं कमी लांब जातं पण माणसं जास्त नेतं. ती आठशेहून जास्त गेली. रोज एवढं इंधन वाहणं कंपन्यांना परवडेना.

तरी एक प्रवास सांगितल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. एक भोपळा घ्या. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. देठाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक खूण करा आणि दोरा ताणा. दोरा देठाजवळूनच जाईल, कारण तीच वाट जवळची. अमेरिकेतलं सॅन फ्रान्सिस्को आणि आपलं बेंगळुरू यांचं तसंच आहे. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं ७७७-२००एलआर त्या वाटेनं आलं. खाली बर्फ, विमानतळ दूरदूर. कप्तान झोया अग्रवाल, आणि विमान चालवणाऱ्या चौघीही बायकाच. सतरा तासांच्या आसपास उडून, वाटेत थेंबभरही इंधन न भरता, ११ तारखेच्या पहाटे चौघींनी विमान बेंगळुरूला उतरवलं.